डाव्या पावलाची रेघ

रोज सकाळी सासूबाई दाराबाहेर रांगोळी काढतात आणि रोज सकाळी मी ती पुसते. मुद्दाम नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. शाळेला निघाले की उजवा पाय रांगोळी व्यवस्थित ओलांडतो आणि डावा मागून अंगठा घासत येतो. कमळाच्या मधोमध एक रेघ उमटते, ती थेट चपलांच्या कपाटापर्यंत जाते.

"गेली का रेल्वे लाइन?" सासूबाई आतून विचारतात.

"गेली, आई."

"जरा पाय उचलून टाकायला काय पैसे पडतात का गं?"

पैसे पडत नाहीत हे खरं. पण माझ्या डाव्या पायाचा पंजा वर उचलला जात नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि पंजा असा लोंबकळत राहतो त्याला डॉक्टर फूट ड्रॉप म्हणतात. पायात ताकद नाही असं नाही. डोक्यातून निघालेला हुकूम पायापर्यंत धड पोचत नाही. हे डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं होतं. आमचे सासरे अप्पासाहेब वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांनी तेच दोन वाक्यांत उरकलं. "बल्ब ठीक आहे. वायरीवरचं कव्हर जागोजागी सोललंय, त्यामुळे करंट रस्त्यातच लीक होतो." मग त्यांनी ते शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि आमच्या बिल्डिंगच्या चौकीदारालाही सांगितलं. आता चौकीदाराने मला पाहिलं की तो विचारतो, "दीदी, आज व्होल्टेज कैसा है?"

गंमत म्हणजे व्होल्टेज खरंच कमीजास्त होतं. सकाळी पाय बरा असतो. दुपारी थकले की जड होतो. उन्हात फिरले, गॅससमोर उभी राहिले, की पंजा पार मान टाकतो. थंड होऊन तासभर पडले की पुन्हा थोडा शहाण्यासारखा वागतो. कोणी बघितलं तर त्याला वाटावं, बाई सोयीने लंगडतेय. सासूबाईंना तसं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. पण "सकाळी तर चांगली चालत होतीस" हे वाक्य त्यांच्या तोंडात फार सहज यायचं.

पायावर इलाज करते प्राची. ती फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरजवळच्या महू छावणीतली. आजोबा फौजेत होते आणि त्यांची सगळी कवायत नातीच्या जिभेवर उतरली आहे. पोटरीला टॉवेलने ताण द्यायचा व्यायाम मी एक दिवस चुकवला तर तिला तो माझ्या चालण्यावरून कळतो आणि मग कोर्टात व्हावी तशी माझी पेशी होते. तिनेच मला स्प्लिंट करून दिली. प्लास्टिकची पांढरी शीट तिने गरम पाण्यात बुडवली, ती पापडाच्या लाटीसारखी मऊ झाली, मग माझ्या पोटरीच्या मागून टाचेवरून तळव्याखाली दाबून बसवली. गार झाल्यावर ती त्याच आकारात कडक झाली. वर दोन पट्टे. ती बुटात घातली की पंजा खाली पडूच शकत नाही, अंगठा कुठे अडकत नाही, आणि मी शाळेच्या लांबलचक व्हरांड्यातून सातवी ब पर्यंत अशी जाते की मुलांना गोंधळ आवरायला वेळ मिळत नाही.

"उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही आणि गरम पाणी लावायचं नाही," प्राचीने बजावलं होतं. मी मान डोलावली. घरी कोणाला सांगितलं नाही. घरी सांगायचं काय होतं? स्प्लिंट घरात येतच नव्हती.

कारण आमच्या घरात पायात घालायचं काहीही उंबऱ्याच्या आत येत नाही. राजवाड्याजवळची जुनी जागा विकून आम्ही विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आलो, तिसऱ्या मजल्यावर, पण सासूबाईंचा नियम सामानाबरोबर टेम्पोत बसून आला. चपला, बूट, सँडल, सगळं बाहेरच्या कपाटात. पाहुणा कितीही मोठा असो. एकदा जावई बूट घालून हॉलपर्यंत आले होते, त्यांना अजून ती पुरणपोळी आठवत असेल, कारण ती त्यांना मिळाली नाही.

"आई, ही चप्पल नाही. औषध आहे असं समजा," मी म्हटलं होतं.

"कुठे घालायचं ते?"

"पायात."

"मग पायताणच झालं ना. औषध पोटात जातं." विषय संपला.

तेव्हा माझी व्यवस्था अशी होती. बाहेर जगभर मी स्प्लिंट आणि बूट घालून ताठ चालायची. घरी आले की सगळं कपाटात ठेवून अनवाणी, भिंतीला हात लावत, गुडघा जरा जास्तच वर उचलून. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवर माझ्या हाताच्या उंचीला एक मळकट पट्टी पडली. माझा नवरा मनीष माझ्या मागे दोन्ही हात पसरून चालायचा, स्लिपमधल्या फील्डरसारखा. मी पडले की झेलायला. श्रावणात मी खरंच पडले, स्वयंपाकघराच्या दारातल्या पायपुसण्याला अंगठा अडकून, तेव्हा हा गृहस्थ नेमका बाल्कनीत फोनवर होता. मला काही झालं नाही. कोथिंबिरीच्या चटणीची वाटी गेली.

प्राचीला सांगितलं तर ती चटणीबद्दल काही बोलली नाही. "बाहेर कधी अशा आपटलात का?"

"नाही."

"बाहेर स्प्लिंट असते. घरात नसते. मॅडम, हिशेब तुम्हीच करा आता."

"मी भूगोल शिकवते. गणिताच्या बाई वेगळ्या आहेत."

ती हसली नाही. "पायपुसणी आधी उचला सगळी. आणि घरात घालायला एक वेगळा बूट आणा, जो बाहेर जातच नाही. कितीतरी लोक तसंच करतात."

मी घरी येऊन सगळं धैर्य गोळा करून हे सासूबाईंना सांगितलं. पायपुसणी त्यांनी त्याच दिवशी उचलली. बुटाचं नाव काढताच त्यांनी हातातली चाळणी खाली ठेवली.

"ज्या घरात महालक्ष्मी अनवाणी येते, त्या घरात तू जोडे घालून फिरणार?"

मला राग येतो आणि तो नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, हे सगळ्या विजय नगरला माहीत आहे. पण या वेळी तो मी गिळला. मी दोन दिवस त्यांच्याशी फक्त "हो" आणि "नाही" एवढंच बोलले. त्यांना ते बहुधा आवडलं, कारण घरात शांतता होती.

महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आम्ही इंदूरची मराठी माणसं महालक्ष्मी म्हणतो. भाद्रपदात दोघी बहिणी येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे त्यांचे पितळेचे मुखवटे आहेत, होळकरांच्या फौजेत असलेल्या कोणा पूर्वजाने घडवून घेतलेले. थोरली सून ज्येष्ठेला घेऊन येते, धाकटी कनिष्ठेला. पूर्वी तुळशीपाशी जाऊन आणायच्या. आता तुळस बाल्कनीत आहे, आणि बाल्कनीतून देवीला आणणं म्हणजे मागच्या दाराने आणणं, म्हणून आमची महालक्ष्मी लिफ्टमधून येते. लिफ्टपासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून हॉलमधून, स्वयंपाकघरातून, तिजोरीच्या कपाटापाशी, आणि मग मखरापर्यंत सासूबाई ओल्या कुंकवात मूठ बुडवून पावलं उमटवतात. आणणारीने मुखवटा दोन्ही हातांत धरून त्या प्रत्येक पावलावर पाय ठेवत जायचं. एकही चुकवायचं नाही. उंबऱ्याशी सासूबाई आणणारीचे पाय दूधपाण्याने धुतात, महालक्ष्मीचे म्हणून. खोलीखोलीत सासूबाई विचारतात, महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? आणणारीने म्हणायचं, सोन्याच्या पावलांनी.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ज्येष्ठेला मीच आणते. देवधर्माचं मला फार काही नाही, खरं सांगते. पण ते मुखवट्याचं वजन हातात आलं, थाळी वाजायला लागली, सगळे बाजूला सरकून वाट द्यायला लागले, की वाटायचं हे घर माझं आहे.

गणपती बसले त्या संध्याकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "या साली ज्येष्ठा शिखा आणेल. कनिष्ठा मी आणते."

शिखा माझी धाकटी जाऊ. सणासाठी भोपाळहून आली होती. तिने चहाचा कप तोंडाला लावला तो काढलाच नाही.

"का?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"हातात मुखवटा असला की भिंत धरता येत नाही. पावलं ओली असतात. तू पडलीस तर?"

"मुखवटा पडेल म्हणून भीती वाटते का?"

"मुखवटा पितळेचा आहे. त्याला काही नाही होत. तू फुटशील ना."

"मग मला स्प्लिंट घालून आणू द्या."

अप्पांनी पेपर वर उचलला. मनीष म्हणाला, "आई, वो क्या है ना, एक बार ट्राय करून..." आणि सासूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उरलेलं वाक्य बिस्किटाबरोबर गिळलं.

नंतर शिखा माझ्या खोलीत आली. "भाभी, मला यात नका अडकवू यार. मला तुमची जागा नको आहे. आईंना सांगा ना काही."

"तूच सांग."

"मी? पागल आहे का मी?"

त्या दिवशी मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेत लिफ्ट वापरायला लागले तेव्हा रडले नाही, स्कूटी विकली तेव्हाही नाही. पण हे एकदा हातातून गेलं की परत येणार नाही असं वाटत होतं. पुढच्या वर्षी शिखाच आणेल, मग ती रीतच पडेल, आणि मी सोफ्यावर बसून भाजी निवडणारी होईन. लोक म्हणतील, बिचारी. मला कोणी बिचारी म्हटलं की माझा उजवा पाय चांगला चालतो, लाथ मारण्यापुरता.

महालक्ष्मी यायच्या आदल्या दिवशी घरात धुणंपुसणं चाललं होतं. पितळेची भांडी, समया, मुखवटे, सगळं स्वयंपाकघरात मांडलेलं. मला दुपारी झोपावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाय संपावर जातो. मी पंखा लावून पडले. उठले ती सासूबाईंच्या हाकेने. आवाज नेहमीचा नव्हता. खूप हळू होता.

"अनु, जरा इकडे ये गं. हे असंच होतं का?"

मी भिंत धरत स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पुरणाचं मोठं पातेलं होतं, त्यात पाणी उकळत होतं, वर तुळशीची पानं नाचत होती. सासूबाईंच्या हातात चिमटा होता, आणि चिमट्याला माझी स्प्लिंट लटकत होती. म्हणजे आधी जी स्प्लिंट होती, ती. आता ती टाचेशी दुमडून, कडेने वळून, तळल्यावर गोळा होणाऱ्या पापडासारखी झाली होती. एक पट्टा सुटून लोंबत होता.

मी खाली बसले, तिथेच, ओल्या फरशीवर. उद्या तर सोडाच, परवा शाळेत कशी जाणार?

"काय केलंत हे? का हात लावलात?" मी ओरडले. त्या घरात मी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच ओरडले असेन. हॉलमध्ये अप्पांचा पेपर खाली आल्याचा आवाज ऐकू आला.

सासूबाई उलट बोलल्या नाहीत. हेच इतकं विचित्र होतं की माझा राग अर्ध्यावर थांबला. चिमटा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "शुद्ध करून घेत होते. भांडी उकळते तशी. गंगाजल पण टाकलं होतं. घरात आणायची होती ना."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी स्वतः बाहेर जाऊन, कपाटातून, माझ्या बुटातून ती काढून आणली होती. ज्या हातांनी उद्या देवीचे पाय धुवायचे त्या हातांनी. मला न विचारता, कारण विचारलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

"मला सांगायचं तरी."

"तू कुठे सांगितलंस गरम पाणी चालत नाही म्हणून?"

बरोबरच होतं. दाराशी शिखा उभी होती, तिला हसू येत होतं आणि ती पदर तोंडात कोंबून उभी होती. आधी ती फुटली, मग मी. सासूबाई दोघींकडे रागाने बघत राहिल्या आणि त्यामुळे आम्हाला आणखी हसू आलं.

मी प्राचीला फोन लावला. ती म्हणाली, "उकळत्या पाण्यात? काकूंनी? बापरे." मग म्हणाली, "फेकू नका. ती गरम पाण्यात मऊ होते म्हणजे पुन्हा बसवताही येते. मी उद्या सकाळी महूहून निघाले की आधी तुमच्याकडे येते. तुमच्याकडे मोठं पातेलं आहे ना?"

"आहे. पुरणाचं."

"काकू देतील?"

"आता देतील," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राची आली. बाहेर बूट काढले, पाय धुतले, आणि फौजेच्या शिस्तीत स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पाणी किती तापवायचं हे तिने सासूबाईंना त्यांच्याच गॅसवर शिकवलं आणि त्या चक्क ऐकत होत्या. मला खुर्चीवर बसवलं, डावा पाय समोर.

"काकू, मला दोन हात कमी पडतायत. तुम्ही पंजा धरा. असा, वर. काटकोनात. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

मी पाय मागे ओढला, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला. "आई, तुम्ही नको. माझ्या पायाला कशा हात लावता? शिखा धरेल."

"शिखा पुरण वाटतेय. गप बस." त्या खाली पाटावर बसल्या आणि माझा पंजा दोन्ही हातांत धरला. "दरवर्षी धुतेच ना मी महालक्ष्मीचे पाय."

प्राचीने मऊ झालेली शीट पोटरीला लावली. गरम होती, पण सोसवेल इतकी. सासूबाई पंजा वर रेटत होत्या. "तू पण उचल ना जरा," त्या म्हणाल्या. "सगळं मीच उचलू का?"

"उचलतेय, आई."

"कुठे उचलतेयस?"

"उचलतेच आहे. पूर्ण जोर लावलाय."

त्या थांबल्या. त्यांच्या हातात माझा पंजा होता, आणि मी खुर्चीत दात आवळून, कपाळावर शिरा येईपर्यंत तो उचलत होते. त्यांच्या तळहाताला काहीही लागत नव्हतं. मी पाहिलं, त्यांनी पकड जराशी सैल केली आणि पंजा लगेच खाली गेला. त्यांनी पुन्हा धरला. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"सकाळीसुद्धा असंच होतं का?" त्यांनी विचारलं. "रांगोळीपाशी?"

"सकाळी थोडं बरं असतं. पण हो."

शीट गार होऊन कडक होईपर्यंत त्यांनी पंजा काटकोनात धरून ठेवला. प्राचीने "बस, सोडा" म्हटलं तरी लगेच सोडला नाही.

"आता ही घरातली झाली," प्राची म्हणाली. "बुटाशिवाय चालेल. पण खाली घसरेल. रबर लावावं लागेल." त्यावर अप्पा आत गेले आणि एक काळं, जाड रबर घेऊन आले. मीटरशी खुडबूड करताना ते पायाखाली घ्यायचं, नोकरीतून आणलेलं. सासूबाईंनी कितीदा ते भंगारात द्यायला काढलं होतं. त्याचा तुकडा कापून प्राचीने स्प्लिंटच्या तळाला चिकटवला.

"शॉकप्रूफ सून," अप्पा समाधानाने म्हणाले.

जाताना प्राचीने हुकूम सोडले. बाहेर जायला नवी स्प्लिंट पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत बुटात हीच चालेल का ते ती सोमवारी बघणार. आज दिवसभर मी गॅसजवळ जायचं नाही. दुपारी झोपायचं. कुंकवाची पावलं आधीच काढून पंख्याखाली सुकवायची, ओली नकोत. सासूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मग त्यांनी प्राचीला पुरणाचा डबा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही उकळायचं असेल तर आधी तुला फोन करते."

त्या दिवशी मी राणीसारखी पंख्याखाली बसले. उठायला लागले की सासूबाई आतून ओरडायच्या, "लोड वाढवू नको!" म्हणजे अप्पांचं शास्त्र अखेर त्यांच्या गळी उतरलं होतं. दुपारी मी झोपले तेव्हा त्या हॉलमध्ये कुंकू कालवत होत्या आणि कोणालाही मदतीला येऊ देत नव्हत्या.

संध्याकाळी मी नऊवारी नेसून, डाव्या पायात स्प्लिंट घालून खाली गेले. मागे कनिष्ठा घेऊन शिखा. मनीष लिफ्टमध्येही हात पसरून उभा होता, शिखा म्हणाली, "भैया, जरा हात आत घ्या, आम्हाला पण जागा लागते." तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. समोर अप्पा थाळी वाजवत होते. शेजारचे दार उघडून बघत होते. मुखवटा माझ्या हातात होता, जड आणि थंड. भिंत धरायला हात नव्हता.

लिफ्टपासून उंबऱ्यापर्यंत पावलं होती. पहिलं उजवं, मी त्यावर पाय ठेवला. दुसरं डावं. रबराने फरशी घट्ट धरली. यंदा पावलं जवळजवळ होती, दरवर्षीसारखी सासूबाईंच्या लांब टांगेची नाहीत. उंबऱ्याशी त्यांनी दूधपाण्याने माझे पाय धुतले, स्प्लिंटसकट, आणि स्प्लिंटवर कुंकवाचं बोट ओढलं. मी आत गेले. हॉलमध्ये पोचल्यावर मला जरा धीर आला आणि मी पहिल्यांदा पावलांकडे नीट बघितलं.

डाव्या पावलाच्या अंगठ्यापुढे एक रेघ होती. बारीक, पुढे ओढलेली. मला वाटलं हात घसरला असेल. पुढचं उजवं पाऊल साफ होतं. त्यापुढच्या डाव्याला पुन्हा रेघ. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जेवढी डावी पावलं दिसत होती, तेवढ्या सगळ्यांना रेघ होती.

मी थांबले. मागे शिखा थांबली, तिच्या मागे मनीष थांबला.

"आई," मी म्हटलं, "पावलं बिघडलीत. डावी सगळी."

"काही बिघडलेली नाहीत." सासूबाई समोर निरांजन घेऊन उभ्या होत्या. "मुखवट्याला कुठे पाय असतात? जी आणते, तिच्या पायांनी ती येते. तुझ्या पायांनी येणार तर तुझीच पावलं काढणार ना? आणि रोज बघते मी ती रेघ. डोळे मिटून काढता येते मला."

मला समोरचं दिसेनासं झालं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

"रडू नको, पुढचं दिसणार नाही आणि मग पडशील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी निरांजन वर धरलं आणि दरवर्षीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली?"

मी नाक वर ओढत राहिले. अप्पांची थाळी वाजायची थांबली होती.

"बोल ना लवकर. मागे पूर्ण ट्रॅफिक जाम झालाय."

"सोन्याच्या पावलांनी," मी म्हणाले, आणि डावा पाय उचलून त्या रेघेवर ठेवला.